माझा पाय आणि अण्णांचा पाय

वार्धक्यांत येणाऱ्या दुखण्यांस, तुम्ही कोण व कोठून आलांत, असें विचारण्याची आपल्याकडे चाल नाहीं. गुडघा धरला तरी "वय झालें," कानांस ऐकूं येईनासें झालें तरी "वय झालें," आणि पाय दुखूं लागले तर "आतां हें चालायचेंच" असें म्हणून घरांतील वडील मंडळी भिंतीशीं पाय पसरून बसतात. त्यांना कोणी तेल चोळून देतो, कोणी शेक देतो, आणि शेजारचा एखादा अनुभवी गृहस्थ स्वतःला लागू पडलेला उपाय मोठ्या विश्वासानें सांगून जातो. आमच्या घरांत असा अनुभवी गृहस्थ मीच होतों. माझ्या त्या विश्वासाची किंमत माझ्या वडील बंधूंना मोजावी लागली, म्हणून हा लेख लिहीत आहें.

मी वैद्य नाहीं, डॉक्टर नाहीं. मॅट्रिक होऊन पाठशाळेंत संस्कृत शिकलेला आणि छत्तीस वर्षें मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. पुढें जें सांगणार आहें तें कांहीं स्वतःच्या अंगावर अनुभवलेलें, कांहीं एका सज्जन शल्यवैद्यांनीं शांतपणें समजावून दिलेलें, आणि कांहीं पुस्तकांतून पडताळून घेतलेलें आहे.

प्रथम शरीरांतील पाटबंधाऱ्याची ओळख करून घेऊं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत शिरांचें वर्णन करतांना बागेला पाणी पुरविणाऱ्या पाटांचा दृष्टान्त दिलेला आहे. तेथें शिरांची संख्या सातशें सांगितली असून, रक्त काढण्यासाठीं कोणती शीर कोठें वेधावी यासाठीं एक स्वतंत्र अध्याय आहे. वाहतें रक्त थांबविण्याचे संधान, स्कंदन, पाचन आणि दहन असे चार उपायहि त्या ग्रंथांत गणलेले आहेत. त्यांतील दहन, म्हणजे डागणें, आजचा शल्यवैद्य विजेच्या उपकरणानें करतो. तत्त्व तेंच आहे. मात्र जुन्याचा अभिमान बाळगणाऱ्यानें सत्यहि सांगितलें पाहिजे. सर्व शिरांचें मूळ नाभि होय, असें सुश्रुतानें मानलें होतें. रक्त हृदयांतून निघतें, सर्व अंगभर फिरतें आणि पुन्हा हृदयांतच परत येतें, हें इंग्लंडमधील विल्यम हार्वे यानें १६२८ सालीं ग्रंथ प्रसिद्ध करून सिद्ध केलें.

हृदयाकडून बाहेर रक्त नेणाऱ्या वाहिनीस मराठी शारीरशास्त्रांत रोहिणी किंवा धमनी म्हणतात, आणि हृदयाकडे परत आणणारीस नीला किंवा शीर म्हणतात. रोहिणी व नीला हे दोन्ही शब्द सुश्रुतानें शिरांच्या प्रकारांसाठीं योजलेले आहेत. आपल्या पुस्तककारांनीं ते घेऊन त्यांना नवा अर्थ दिला. रोहिणीची भिंत जाड व लवचीक असते, कारण हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा धक्का तिला सोसावयाचा असतो. नीलेची भिंत पातळ असते. तींत धक्का नसतो, पण ठिकठिकाणीं झडपा असतात. या झडपांचें सविस्तर वर्णन हार्वेचे पादुआ येथील गुरु फाब्रिसियस यांनीं १६०३ सालीं प्रसिद्ध केलें आणि त्यांना लहान दारें असें नांव दिलें. परंतु हीं दारें कशासाठीं आहेत, याचा उलगडा गुरूंना झाला नाहीं; तो शिष्यानें केला.

हार्वेचा तो प्रयोग कोणत्याहि घरांत, एकहि पैसा खर्च न करितां, करून पाहतां येतो. सडपातळ माणसाच्या दंडावर रुमाल बेताचा आवळून बांधावा. थोड्याच वेळांत कोपराखालच्या निळ्या शिरा फुगतात व त्यांवर मधूनमधून गांठी दिसतात. या गांठी म्हणजेच झडपा. आतां एका बोटानें शीर दाबून धरावी आणि दुसऱ्या बोटानें तींतील रक्त वरच्या गांठीपलीकडे सारावें. मधला भाग रिकामा होतो आणि रिकामाच राहतो, कारण वरचें रक्त झडप ओलांडून खालीं येत नाहीं. खालचें बोट उचललें कीं तो भाग खालून भरतो. मुलांस हा प्रयोग दाखवून रुमाल लगेच सोडावा. ज्यांचीं नातवंडें विज्ञान शिकत असतील त्यांनीं तो अवश्य दाखवावा.

सारांश, येणारा पाट वेगळा आणि जाणारा पाट वेगळा. शेतांत येणारा पाट तुंबला तर पीक करपतें, आणि निचऱ्याचा पाट तुंबला तर पीक कुजतें. दोन्ही शेतांकडे दुरून पाहणारास दोन्हीकडे पीक वाईट एवढेंच दिसतें. पायाचेंहि तसेंच आहे, आणि माझी सर्व चूक यांतच झाली.

आतां माझ्या पायाची हकीकत. वर्गांत खुर्चीवर बसून शिकविणें मला कधीं मानवलें नाहीं. रोज पांच-सहा तास मी फळ्यापाशीं उभा असें. पंचेचाळिशीच्या सुमारास डाव्या पोटरीवर निळ्या शिरांच्या वेटोळ्या दिसूं लागल्या. संध्याकाळीं पाय जड होई, घोट्याशीं सूज येई आणि सकाळीं ती ओसरे. हळूहळू घोट्याच्या आंतल्या बाजूची कातडी काळसर व खरखरीत झाली, तिला खाज सुटूं लागली. मी तिला इसब समजलों आणि निरनिराळीं मलमें लावीत राहिलों. २०१७ सालीं निवृत्त झालों. पुढच्याच वर्षीं खाजविण्याचें निमित्त होऊन तेथें व्रण पडला, तो पांच महिने भरेना.

अखेर मुलाच्या आग्रहानें रक्तवाहिन्यांच्या शल्यवैद्यांकडे गेलों. हें एक स्वतंत्र शास्त्र आहे आणि त्याचे स्वतंत्र तज्ज्ञ असतात, हेंहि मला तोंवर ठाऊक नव्हतें. त्यांनीं मला उभें करून पोटरीवर डॉपलर सोनोग्राफीचें यंत्र फिरविलें. पडद्यावर रक्ताचा प्रवाह रंगांत दिसत होता. पोटरी दाबली कीं रक्त वर जाई आणि सोडली कीं तेंच रक्त मागें फिरून खालीं येई. "मास्तर, दारें आहेत, पण लागत नाहींत," एवढेंच ते म्हणाले.

उभ्या माणसाच्या घोट्यापाशीं नीलेंतील रक्ताचा दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटर इतका असतो. चालूं लागल्यावर पोटरीचे स्नायु आकुंचन पावून रक्त वर ढकलतात, झडपा तें मागें येऊं देत नाहींत, आणि दाब तिसाच्या आसपास किंवा त्याहूनहि खालीं उतरतो. म्हणूनच पोटरीला दुसरें हृदय म्हणतात. झडपा निकामी झाल्या म्हणजे चालूनहि दाब उतरत नाहीं. मग सूज, काळेपणा आणि शेवटीं व्रण असा क्रम लागतो. तासन्तास उभें राहून काम करणारे शिक्षक, न्हावी, पोलीस, वाहक यांना, तसेंच बाळंतपणें झालेल्या स्त्रियांना हा विकार पुष्कळ वेळां जडतो. स्वयंपाकघरांत ओट्याशीं दिवस काढणाऱ्या आमच्या भगिनींनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें, कारण लुगड्याच्या कांठाखालीं झांकलेल्या शिरा घरांत कोणासच दिसत नाहींत आणि त्या स्वतः तर कधीं सांगत नाहींत.

माझ्यावर उपचार झाला तो असा. पायाच्या बोटांपासून गुडघ्यापर्यंत लवचीक पट्टा आवळून बांधावयाचा, बसतांना व निजतांना पाय उशीवर, हृदयाहून उंच ठेवावयाचा, रोज चालावयाचें, आणि बिघडलेली शीर बंद करून टाकावयाची. ही शीर बंद करण्याची कल्पना जुनी आहे. जर्मनींतील ट्रेंडेलेनबुर्ग यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडीजवळ ती बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया वर्णिली. पुढें ती संपूर्ण उपसून काढूं लागले. आतां सुईच्या छिद्रांतून लेझरचा बारीक तंतु आंत सरकवून उष्णतेनें ती आंतल्या आंत मिटवितात. भूल फक्त त्या जागेपुरती देतात, आणि मी त्याच दिवशीं चालत घरीं आलों. एक शीर बंद केल्यानें रक्त अडत नाहीं काय, असें मीं विचारलें, तेव्हां खोलवर असलेल्या मोठ्या शिरा तें काम करतात असें समजलें. अशा व्रणांत शीर बंद करण्यास विलंब न केल्यास व्रण लवकर भरतो, असें इंग्लंडमध्यें केलेल्या व २०१८ सालींच प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत दिसून आलें आहे. माझा व्रण तीन महिन्यांत भरला.

येथपर्यंत सर्व ठीक झालें. पण बरा झालेला रोगी हा अर्धा वैद्य होऊन बसतो, त्यांतून तो मास्तर असला तर विचारूंच नये.

अण्णा माझ्याहून सात वर्षांनीं वडील. त्यांना पंधरा वर्षांचा मधुमेह, आणि दिवसाला दहा-बारा सिगारेटी ओढण्याची संवय. रोज सायंकाळीं ते देवळांत जात. वाटेंत वर्तमानपत्राचा फळा लागतो, तेथें ते थांबत. पुढें पिंपळाचा पार, तेथेंहि थांबत. अण्णांना वाचनाची व गप्पांची आवड, म्हणून थांबतात, असें सर्वांस वाटे. खरी गोष्ट अशी कीं, शंभर-दीडशें पावलें चाललें कीं त्यांच्या पोटरींत गोळा येई आणि दोन-तीन मिनिटें उभें राहिलें कीं तो जाई. लोकांना कळूं नये म्हणून ते फळ्याकडे पाहात उभे राहात. त्या फळ्यावरचीं पत्रें त्यांनीं सकाळींच घरीं वाचलेलीं असत.

२०१९ च्या दिवाळींत नवी वहाण चावून त्यांच्या उजव्या पायाच्या करंगळीशेजारीं जखम झाली. ती भरेना, पाय ठणकूं लागला. मी भेटावयास गेलों तेव्हां मला माझाच पाय आठवला. मीं म्हटलें, "अण्णा, तुम्ही मुळींच काळजी करूं नका, हें मला पूर्ण ठाऊक आहे." घरून माझा लवचीक पट्टा आणला, स्वतःच्या हातानें घट्ट बांधला आणि पायाखालीं दोन उशा दिल्या.

रात्रीं वहिनींचा निरोप आला कीं, अण्णांना वेदना सहन होत नाहींत. मी गेलों तों अण्णा खाटेच्या कांठावर बसून पाय खालीं सोडून होते. "बापू, असा लोंबता सोडला म्हणजे जरा बरें वाटतें रे," ते म्हणाले. मीं त्यांना, वर्गांतल्या मुलास समजवावें तसें, पाय उंच ठेवण्याचें महत्त्व समजावून दिलें आणि तो उचलून पुन्हा उशांवर ठेवला. असें तीन रात्री झालें. चौथ्या दिवशीं सकाळीं वहिनींनीं पट्टा सोडला, तों दोन बोटें काळीं पडलेलीं आणि पाऊल थंडगार.

त्याच शल्यवैद्यांकडे आम्ही धांवलों. त्यांनीं विचारलें, "पट्टा कोणीं बांधला?" मीं सांगितलें, "मीं." ते कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं अण्णांच्या पावलावर, आंगठ्याच्या रेषेंत, दोन बोटें ठेवलीं. मग आंतल्या घोट्यामागें ठेवलीं. मग माझे हात धरून त्याच जागांवर ठेवले. तेथें नाडी लागत नव्हती. "आतां स्वतःच्या पायाची पाहा," ते म्हणाले. माझ्या पायाची नाडी स्वच्छ उडत होती. त्या एका क्षणांत जें मला कळलें, तें कोणत्याहि व्याख्यानानें कळलें नसतें. माझा निचऱ्याचा पाट बिघडला होता. अण्णांचा येणारा पाट बुजला होता. माझ्या पायांत रक्त सांचत होतें, म्हणून तो उंच ठेवणें व आवळणें योग्य. अण्णांच्या पायांत रक्त मुळीं पोंचतच नव्हतें. जें थोडें पोंचत होतें तें मीं आवळून अडविलें, आणि पाय उंच करून त्याला चढण चढावयास लाविलें. पाय खालीं सोडल्यावर रक्त उतरणीनें थोडें अधिक येई, म्हणून त्यांना बरें वाटे. तेंच करूं नका असें मी त्यांस सांगत होतों.

रोहिणीच्या आंतल्या भिंतीवर वर्षानुवर्षें चरबी व चुन्याचे थर बसत जातात आणि ती अरुंद होते. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब आणि रक्तांतील चरबी हीं या रोगाचीं चार मुख्य कारणें होत. बसलेल्या माणसाच्या पोटरीला थोडें रक्त पुरतें, पण चालतांना कितीतरी पट अधिक लागतें. तें न मिळाल्यानें गोळा येतो आणि थांबलें कीं जातो. हें लक्षण प्रथम घोड्याच्या बाबतींत ओळखलें गेलें. बुले नांवाच्या फ्रेंच पशुवैद्यानें १८३१ सालीं, धांवतां धांवतां लंगडणाऱ्या व विसाव्यानें पुन्हा नीट चालणाऱ्या घोड्याचें वर्णन केलें, आणि त्याच्या मांडीच्या रोहिणी बुजलेल्या आढळल्या. माणसांतील तसाच विकार शार्को यांनीं १८५८ सालीं सांगितला. जर्मन लोक या विकारास दुकानांच्या कांचा पाहण्याचा आजार म्हणतात. कारण तेथील रोगी लंगडणें लपविण्यासाठीं दुकानांपाशीं थांबून आंत पाहण्याचें सोंग करितात. हें ऐकलें तेव्हां मला वर्तमानपत्राचा फळा आठवला.

हा रोग ओळखण्याची पहिली परीक्षा अगदीं सोपी आहे. घोट्यापाशीं रक्तदाब मोजावयाचा, दंडाचाहि मोजावयाचा, आणि पहिल्यास दुसऱ्यानें भागावयाचें. निरोगी माणसांत उत्तर एक किंवा थोडें अधिक येतें. ०.९ किंवा त्याहून कमी आल्यास रोहिणी अरुंद झाली असें समजावें. अण्णांचें उत्तर ०.४ च्याहि खालीं होतें. मधुमेही मंडळींत मात्र रोहिणी चुन्यानें इतक्या कडक होतात कीं दाब खोटाच अधिक दिसतो. म्हणून त्यांच्यांत आंगठ्याचा दाब किंवा अन्य परीक्षा करावी लागते.

"पाय कापावा लागेल काय?" वहिनींनीं विचारलें. पूर्वीं याचें उत्तर बहुधा होय असेंच होतें. तें कसें पालटलें, हा इतिहास जाणण्यासारखा आहे.

१८९४ सालीं फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लियाँ शहरीं सुऱ्याचा वार झाला. यकृताकडे जाणारी मोठी शीर तुटली होती आणि ती शिवतां येईल असें त्या काळच्या शल्यवैद्यांस वाटत नव्हतें, ते दगावले. त्याच शहरांत अलेक्सिस कारेल नांवाचा तरुण वैद्य होता. फाटलेलें रक्ताचें पात्र शिवतां कां येऊं नये, हा प्रश्न त्याच्या मनांत घर करून बसला. तो गेला कोणाकडे? शहरांतील एका कुशल भरतकाम करणाऱ्या बाईकडे! अतिशय बारीक सुया व रेशीम कसें वापरावें हें तो तेथें शिकला. वाहिनीचें वाटोळें तोंड तीन टांक्यांनीं ताणून त्याचा त्रिकोण करावयाचा आणि मग प्रत्येक बाजू सरळ शिवावयाची, ही त्याची युक्ति १९०२ सालीं प्रसिद्ध झाली आणि १९१२ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. आमच्या घरांतून कशिद्याची चौकट माळ्यावर टाकून देण्यापूर्वीं हें स्मरावें.

पुढें १९४८ सालीं पॅरिस येथें झां कुनलँ यांनीं पायाचीच एक नीला काढून बुजलेल्या रोहिणीच्या वरच्या व खालच्या भागांस जोडली, जणूं बुजल्या पाटाला वळसा घालून नवा पाट काढला. यालाच बायपास म्हणतात. हें करतांना नीला उलटी करून बसवितात. कां? हार्वेचीं दारें! ती सुलटी बसविली तर झडपा खालीं जाणारें रक्त अडवितील. तीनशें वीस वर्षांपूर्वींचा दंडावरचा प्रयोग येथें असा उपयोगी पडला.

त्यानंतरची गोष्ट १६ जानेवारी १९६४ ची. अमेरिकेंत पोर्टलंड येथें ब्याऐशीं वर्षांच्या एका वृद्धेचें पाऊल सडूं लागलें होतें. पाय कापण्यास तिनें साफ नकार दिला होता. चार्ल्स डॉटर या क्ष-किरणतज्ज्ञानें तिच्या मांडीच्या रोहिणींतील अरुंद जागेंतून एकापेक्षां एक जाड अशा नळ्या सरकवून ती वाट मोठी केली. पाऊल ऊब धरूं लागलें, व्रण भरले, आणि पुढें ती बाई जगली तोंवर स्वतःच्या दोन्ही पायांवर चालली. झुरिक येथील आंद्रेआस ग्रुंटझिग यांनीं स्वतःच्या घरच्या स्वयंपाकघरांत टेबलावर बसून नळीच्या टोकाशीं बारीक फुगा बसविण्याचे प्रयोग केले आणि १९७४ सालीं पायाच्या रोहिणींत तो वापरला. आज हृदयासाठीं जी अँजिओप्लास्टी घरोघर ठाऊक झाली आहे, ती मुळांत पायासाठीं निघालेली आहे, हें फार थोड्यांस माहीत असतें.

अण्णांवरहि तोच उपचार झाला. जांघेतून बारीक तार घालून, गुडघ्याखालीं बुजलेली रोहिणी फुग्यानें उघडली. अण्णा जागे होते. पाऊल ऊन झाल्याचें त्यांनींच प्रथम सांगितलें. तीं दोन बोटें मात्र मृत झालीं होतीं. तीं काढावीं लागलीं. पाऊल वांचलें. "आणखी आठवडा गेला असता तर गुडघ्याखालून पाय काढावा लागला असता," असें शल्यवैद्य म्हणाले. जखम भरावयास चार महिने लागले आणि त्या चार महिन्यांत रोज सकाळीं पट्टी बदलण्याचें काम वहिनींनीं मला दिलें. तें त्यांनीं शिक्षा म्हणून दिलें कीं सांत्वन म्हणून, हें मीं विचारलें नाहीं.

आतां वाचकांच्या उपयोगाचें थोडक्यांत सांगतों. चालल्यावर पोटरी किंवा मांडी धरते व थांबल्यावर सुटते, पाऊल थंड व फिकट राहतें, बोटांवरचे केस झडतात, जखमा बोटांवर किंवा टांचेवर होतात, रात्रीं पाय खालीं सोडल्यानें बरें वाटतें, तर रोहिणीचा विकार समजावा. दिवसभर उभें राहिल्यानें पाय जड होतो, सूज येते, पाय उंच केल्यानें बरें वाटतें, शिरा फुगतात, घोट्याच्या आंतल्या बाजूस काळेपणा व व्रण येतो, तर नीलेचा. कित्येकांत दोन्ही विकार एकत्र असतात. म्हणून पायाची नाडी व दाब तपासल्यावांचून कोणींहि, कोणाच्याहि सांगण्यावरून, पायास पट्टा आवळूं नये व दाबाचे मोजे घालूं नयेत. विशेषतः शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नको, आणि भावाच्या सांगण्यावरून तर नकोच.

दोन प्रसंगीं मात्र एक दिवसहि थांबूं नये. पाय एकाएकीं थंड, पांढरा व बधिर पडून भयंकर दुखूं लागला, तर रोहिणींत रक्ताची गांठ अडकलेली असूं शकते. सहा तासांच्या आंत उपचार झाला नाहीं तर पाय गमावण्याची वेळ येते. आणि एकच पोटरी एकाएकीं सुजून दुखूं लागली, तर खोल शिरेंत गांठ झालेली असूं शकते. ती पोटरी चोळूं नये. ती गांठ सुटून फुप्फुसांत गेल्यास प्राणावर बेततें.

मधुमेह असणारानें रोज रात्रीं तळपाय पाहावेत. वांकतां येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून पाहावेत. त्यांच्या पायांस संवेदना कमी असते, म्हणून गरम पाण्याची पिशवी व शेक वर्ज्य करावा, आणि भर दुपारीं देवळाच्या तापल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालूं नयेत. घरांत मऊ पादत्राण वापरलें तर देव रागावणार नाहीं. तंबाखू तर सर्वथा सोडली पाहिजे; ती चालू ठेवून केलेली शस्त्रक्रिया म्हणजे भोक बुजविल्यावांचून घागर भरणें होय. ज्यांस चालतांना पोटरी धरते व जखम नाहीं, त्यांनीं मात्र चालणें सोडूं नये. दुखेपर्यंत चालावें, थांबावें, पुन्हा चालावें. रोज अर्धा-पाऊण तास, तीन महिने. अशानें चालण्याचा पल्ला वाढतो व अनेकांना शस्त्रक्रिया लागतच नाहीं. औषधें मात्र वैद्याच्या सल्ल्यानेंच घ्यावींत.

अण्णांनीं सिगारेट त्या दिवाळीपासून सोडली. त्यांचें वय आतां सत्तरीच्या पुढें गेलें आहे. सायंकाळीं आम्ही दोघे बरोबर देवळांत जातों. माझ्या पायांत दाबाचा मोजा, त्यांच्या पायांत रुंद तोंडाचें मऊ पादत्राण. वर्तमानपत्राचा फळा आला कीं ते अजूनहि कधीं कधीं थांबतात. पूर्वीं मी पुढें जात असें, आतां मीहि थांबतों आणि विचारतों, "अण्णा, वाचतां आहांत कीं दुखतें आहे?"

गेल्या महिन्यांत त्यांनीं उत्तर दिलें, "आज खरोखरच वाचतों आहें. पण बापू, हें तूं त्या रात्रीं विचारावयास हवें होतेंस."